फाटकाबाहेरचे पहिले पंधरा दिवस

माझा धाकटा भाऊ २० नोव्हेंबर २०२५ ला ठाणे मध्यवर्ती कारागृहातून जामिनावर सुटला. त्याला इथे नितीन म्हणते, नाव बदललेलं आहे. अटक होण्याआधी सात-आठ वर्षं तो गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढत होता. हे सगळं त्याला आणि आईला विचारून लिहिते आहे. जामिनाचं वकील सांगतात, व्यसनाचं डॉक्टर सांगतात, पण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात अंगावर येतात तेव्हा कशाच्या आधी काय करायचं, हे सांगणारं माणूस आम्हाला फार उशिरा भेटलं. तुमच्या घरातलं कुणी आत असेल तर ते सुटायच्या आधी हे वाचा. तयारी तेव्हाच करावी लागते.

१८ जूनला संध्याकाळी फोन आला. मोबाइलचोरीचे दोन गुन्हे, दोन वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा. गर्दसाठी पैसे लागतात आणि कमाई शून्य, त्यामुळे हे कधीतरी होणार हे आम्हाला दिसत होतं. पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी, आणि तो ठाण्याच्या तुरुंगात गेला.

आतले पहिले दिवस त्याने कसे काढले ते पुढे कितीतरी महिन्यांनी सांगितलं. टर्की लागली होती, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर शरीराला होणारा त्रास. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, उलट्या, पाय एका जागी ठरत नव्हते. शेजारच्या पथारीवरचा एक वयस्कर माणूस ताटलीत मीठ-साखरेचं पाणी कालवून त्याला घोटघोट पाजत होता. आठवडा-दहा दिवसांत अंग शांत झालं. आम्ही मुलाकातीला गेलो तेव्हा तो वाळलेला होता, पण डोळे स्वच्छ होते. कित्येक वर्षांत पाहिले नव्हते तसे.

मुलाकातीची नोंदणी ऑनलाइन होते. कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, भेटायला येणाऱ्याचा आधार क्रमांक आणि नातं भरावं लागतं. आधारची मूळ प्रत सोबत न्या. बोलणं काचेपलीकडून, फोनवर. वेळ कमी असतो, म्हणून मी काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून नेत असे. नाहीतर "जेवलास का" यातच वेळ संपतो.

ऑगस्टपर्यंत त्याचे गाल भरले. आई मला एकदा म्हणाली, "राहू दे गं आत. आत आहे तोवर जिवंत आहे." तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. घराजवळच्या रुळांकडेला बेशुद्ध पडलेल्या पोराला तिने दोनदा उचलून आणलं होतं. नातेवाइकांचं म्हणणं वेगळं होतं. इतके महिने घेतलं नाही म्हणजे सुटलंच की, आता लग्न लावून द्या.

तुरुंगात कैद्यांसाठी काम करणाऱ्या एक समाजसेविका ताई आहेत. त्यांनी आमचे दोन्ही गैरसमज दूर केले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटलेल्या लोकांसाठी काम करतो हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचं सांगणं सरळ होतं. माल मिळत नाही म्हणून आत घेणं बंद आहे, उपचार झालेले नाहीत. आणि गर्दच्या बाबतीत सगळ्यांत मोठा धोका सुटल्यानंतरच असतो. रोज ओढणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. काही महिने बंद राहिलं की ती सवय मोडते, पण डोक्यात जुनी मात्रा तशीच राहते. माणूस बाहेर येतो, जुन्या मित्रांत बसतो, पूर्वीइतकंच घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अशा मृत्यूंचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. हे ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन कॅलेंडर उतरवलं. तारीख माहीत नव्हती, पण तारीख आली की पुढचे पंधरा दिवस कोण कधी त्याच्यासोबत असेल ते लिहायला घेतलं.

वकिलाचं सांगते. एका खासगी वकिलांनी दोन्ही प्रकरणांचे मिळून चाळीस हजार सांगितले. ते जमणारं नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं लोकअभिरक्षक कार्यालय असतं, तिथे फुकट वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट लागत नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढत बसू नका. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या आणि फोन उचलत होत्या. मला तेवढं पुरेसं होतं.

जुलैत जामीन नाकारला गेला. ९ ऑक्टोबरला एका प्रकरणात मंजूर झाला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्यात. प्रत्येकी पंधरा हजार आणि एक जामीनदार. लगेच दिवाळीची सुट्टी लागली. त्या दिवाळीत घरात फराळ केला नाही. आईने फक्त आकाशकंदील लावला.

इथे थोडी थांबते, कारण जामिनाच्या आदेशातल्या अटी आणि व्यसनाचे उपचार यांची कशी टक्कर होते हे कुणीच आधी सांगत नाही. आमच्या आदेशात दोन अटी होत्या: दर सोमवारी अकरा ते एक पोलीस ठाण्यात हजेरी, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय ठाणे जिल्हा सोडायचा नाही. मला त्याला पुण्याला मुक्तांगणमध्ये ठेवायचं होतं. १९८६ पासून चालू असलेलं केंद्र, पाच आठवड्यांचा निवासी उपचार, आमच्या ओळखीतला एक मुलगा तिथून चांगला होऊन आलेला. पण पुणं आमच्या जिल्ह्याबाहेर, आणि पाच आठवडे म्हणजे पाच हजेऱ्या चुकणार. परवानगीचा अर्ज करता येतो, केंद्राचं पत्र जोडावं लागतं, पण सरकारी वकिलांचं म्हणणं येऊन आदेश होईपर्यंत वेळ जातो, आणि आम्हाला भीती होती ती नेमकी त्याच दिवसांची. म्हणून माझी कळकळीची सूचना आहे: जामीन अर्जाच्या सुनावणीच्या वेळीच वकिलांना सांगा की आरोपी व्यसनाधीन आहे, अमुक ठिकाणी उपचार ठरले आहेत, तेवढी मोकळीक आदेशातच मागून घ्या.

जिल्ह्यातल्याच एका खासगी केंद्रात जाऊन आले. महिना अठरा हजार. "पत्ता द्या, रात्री गाडी पाठवून उचलून आणतो," असं तिथला माणूस म्हणाला. खोल्या दाखवायला नकार दिला, डॉक्टर कधी येतात याचं उत्तर मिळालं नाही. मी तशीच परतले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. त्यामुळे केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. खोल्या बघा. आत असलेल्या माणसांशी दोन शब्द बोलू देत नसतील तर तिथे आपलं माणूस ठेवू नका.

शेवटी ठरलं ते असं: घरी कळव्याला न्यायचंच नाही. मावशी ऐरोलीला राहते. नवी मुंबई असली तरी ऐरोली ठाणे जिल्ह्यातच येते, म्हणजे अट मोडत नाही. राहण्याचा बदललेला पत्ता वकिलांमार्फत न्यायालयाला आणि पोलिसांना लेखी कळवला. उपचार महापालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत. मी ऑक्टोबरमध्येच एकटी जाऊन डॉक्टरांना भेटले. पेशंट नसताना केसपेपर कसा काढायचा यावर खिडकीवर थोडी खळखळ झाली, पण डॉक्टरांनी बसवून घेतलं आणि सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन या म्हणाले.

जामीनदाराला वेळ लागला. ओळखीतले सगळे "बघतो" म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे मामा उभे राहिले. आधार, पॅन, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती, फोटो, प्रतिज्ञापत्र, आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. या दाखल्यासाठी आठवडे जातात. मॅडमनी मग रोख जामिनाचा अर्ज केला: तूर्त रोख भरून सुटका, आणि जामीनदार चार आठवड्यांत द्यायचा. तीस हजार मी बचत गटातून उचलले. पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय पैसे परत मिळताना त्रास होतो. ज्यांना हेही शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांना मदतीची योजना आहे. कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्याला जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते, अर्ज विधी सेवा प्राधिकरणामार्फत. आणि जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. आपण तो दाखवून विचारू शकतो.

गुन्हे दोन असतील तर सुटकेचे आदेशही दोन लागतात. एक १९ तारखेला तुरुंगात पोहोचला, दुसरा २० ला दुपारी. एक जरी कमी असला तरी सोडत नाहीत. आदेश संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत पोहोचला नाही तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, म्हणून कोर्टातल्या कारकुनांकडे सकाळीच जाऊन बसा.

संध्याकाळी सातच्या सुमारास तो बाहेर आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पायात दुसऱ्या कुणाच्या तरी चपला. रस्त्यापलीकडे स्कूटरवर दोन पोरं बसली होती. त्यांनी हात केला. नितीन थांबला. मामांनी काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि रिक्षात बसवलं. कुणी सुटणार ही बातमी बाहेर आधीच पोहोचलेली असते, हे लक्षात ठेवा. एकट्या बाईने न्यायला जाऊ नका, आणि त्याच्या हातात रोख पैसे देऊ नका.

ऐरोलीला रिक्षाने जायचं तर वाटेत कळवा नाका. त्याच्या सगळ्या जागा तिथल्याच. म्हणून ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. ती कळव्याला न जाता दिघामार्गे ऐरोलीला जाते. गाडीत त्याने विचारलं, "आई का नाही आली?" आई मावशीकडे वरण-भात लावून बसली होती.

पहिल्या रात्री तो झोपलाच नाही. बरॅकमध्ये रात्रभर दिवे चालू असतात, त्याला अंधाराची सवयच उरली नव्हती. मावशीने पॅसेजमधला दिवा चालू ठेवला. मध्यरात्री तो दारात येऊन म्हणाला, "ताई, बाथरूमला जाऊ का?" बत्तीस वर्षांचा माणूस. पुढचे कितीतरी दिवस तो पाणी प्यायलासुद्धा विचारत होता. आम्ही ठरवलं होतं की याच्यावर कुणी हसायचं नाही आणि रडायचंही नाही, "जा की" एवढंच म्हणायचं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, ओपीडी. रांगेत त्याचं एकच चाललं होतं, डॉक्टर पोलिसांना सांगतील. मी आधीच विचारून ठेवलं होतं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच मानसिक आरोग्य कायद्यात आहे. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४अ हे स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं. डॉक्टरांनी हे त्याला स्वतः समजावलं तेव्हा तो मोकळेपणी बोलला. किती, कसं, कधीपासून, सुई टोचली होती का. टोचली होती, काही महिने. आम्हाला हे तेव्हाच कळलं. मी खिडकीकडे बघत राहिले.

लघवीची तपासणी, यकृताची, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. आतल्या दवाखान्याचे कागद आणले असतील तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. नितीनचं सगळं सुदैवाने ठीक आलं. हिपॅटायटिस सी निघालाच तरी घाबरू नका, राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचे उपचार मोफत आहेत आणि बहुतेकजण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात.

औषधाचे दोन रस्ते डॉक्टरांनी सांगितले. जो माणूस अजून ओढतो आहे किंवा ज्याला राहवतच नाही त्याच्यासाठी जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी. गर्दच्या जागी देखरेखीखाली औषध द्यायच्या या उपचाराला ओएसटी म्हणतात. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून ती केंद्रावर रोज समोर देतात. आणि ज्याच्या अंगातून गर्द पूर्ण गेलं आहे त्याच्यासाठी नाल्ट्रेक्सोन. ही गोळी पोटात असताना गर्द घेतलं तरी त्याची नशा चढत नाही. पण ती मध्येच सोडून गर्द घेतलं तर धोका आणखी मोठा, कारण सवय मोडलेलीच असते. म्हणून ती घरच्या माणसाने रोज समोर उभं राहून द्यायची. नितीनने नाल्ट्रेक्सोन निवडली. यकृताचा रिपोर्ट आल्यावर सोमवारी, २४ तारखेला सुरू झाली. स्वस्त नाही. महिन्याचा खर्च आमच्या गॅस आणि विजेच्या बिलाच्या वर जातो.

डॉक्टरांनी मला आणि मावशीला आणखी एक गोष्ट शिकवली. श्वास फार मंद, घोरल्यासारखा आवाज, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून जाग नाही: लगेच १०८ लावा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दूध नको, मिठाचं पाणी नको. आणि रुग्णालयात न लाजता सांगा की गर्द घेतलेलं असू शकतं. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते वेळेत मिळालं तर माणूस परत श्वास घेतो. मावशीने हे सगळं कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलं. नितीनच्या समोरच लावलं. त्याने वाचलं आणि काही बोलला नाही.

सोमवारची हजेरी हा मोठा प्रश्न होता. ते पोलीस ठाणं त्याच्या जुन्या वस्तीतच. दर आठवड्याला त्याच गल्लीतून चालत जायचं, आणि तेही कायद्यानेच सांगितलेलं. सुरुवातीचे आठवडे मामा सोबत गेले, रिक्षा पोलीस ठाण्याच्या दारात थांबवून ठेवायचे. दरम्यान हजेरी ऐरोलीजवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची परवानगी मागितली, ओपीडीचा कागद जोडला. १७ डिसेंबरला मंजूर झाली. हा अर्ज जरूर करा, साधा असतो.

फोनचा जुना नंबर आम्ही परत सुरू केला नाही. नवीन सिम, त्यात मोजकेच नंबर. कामाचं कठीण गेलं. रबाळ्याच्या एका कंपनीने पोलीस पडताळणी मागितली, तिथेच संपलं. जानेवारीच्या सुरुवातीला मावशीच्या शेजारच्या इलेक्ट्रिशियनने हाताखाली घेतलं. त्यांना सगळं सांगून. मजुरी रोजची रोख न देता आठवड्याने बँकेत टाका, एवढी विनंती मी केली, आणि त्यांनी ती आजवर पाळली आहे. बुधवारी आणि रविवारी तो नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांच्या आपसांतल्या गटाच्या, मीटिंगला जातो. तिथे काय बोलतो ते मी विचारत नाही.

जानेवारीत एकदा घसरला. कोर्टाची तारीख होती, बाहेरच्या बाकावर बरॅकमधला एक ओळखीचा भेटला. त्याच्या आधीचे दोन दिवस गोळी गालात धरून नंतर थुंकली होती, हे त्याने स्वतःच रात्री सांगितलं. डोळे बघून मला आधीच कळलं होतं. मी आणि मावशीने रात्रभर आळीपाळीने त्याचा श्वास मोजला. सकाळी ओपीडी. डॉक्टर रागावले नाहीत. असं होतं म्हणाले, त्याने सांगितलं हे महत्त्वाचं. लघवीची तपासणी परत केली आणि ती स्वच्छ येईपर्यंत गोळी थांबवली, कारण अंगात गर्द असताना नाल्ट्रेक्सोन दिली तर भयंकर टर्की लागते. तेव्हापासून डॉक्टरांच्याच सांगण्याने मावशी गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यातून देते, आणि तो पेला विसळून परत पितो. तारखेच्या दिवशी त्याच्यासोबत कुणीतरी असतंच.

रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. मी दुसरा वापरला आहे, स्वतःसाठी. घसरण झाली त्या आठवड्यात. मराठीत बोलता येतं.

हे लिहिते आहे ते मार्चच्या सुरुवातीला. गोळी किमान वर्षभर चालेल असं डॉक्टर म्हणतात. खटला अजून उभा आहे, पुढची तारीख एप्रिलमध्ये, त्या दिवसाची रजा मी टाकून ठेवली आहे. १९ तारखेला गुढीपाडवा. नितीनने घरी यावं असं आईला फार वाटतं. त्यालाही वाटतं. डॉक्टरांना विचारलं, नितीनलाही विचारलं, आणि असं ठरलं की सकाळी मामा त्याला घेऊन येतील, गुढी तो उभारेल, जेवेल, आणि चारच्या आत आम्ही दोघं ऐरोलीला परत निघू.